कोरड्या मुलखातले भटके पशुपालक कळप सोडून का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलणं निघालं की ठरावीक प्रश्न येतात आणि बहुतेकांच्या पोटात एक गृहीत असतं: भटकं पशुपालन म्हणजे मागे पडलेली गोष्ट, आणि लोक त्यातून सुटून पुढे निघालेत. काही जण खरंच सुटतात. पण पुष्कळ जण ढकलले जातात, आणि त्याहून जास्त जण थोड्या दिवसांसाठी म्हणून निघतात आणि अडकून पडतात. खालची उत्तरं मुख्यतः या तिसऱ्या मंडळींबद्दल आहेत.

भटके पशुपालक नेमके कोणाला म्हणायचं? ते किती आहेत?

ज्यांचं पोट प्रामुख्याने चरणाऱ्या जनावरांवर चालतं आणि जे चाऱ्या-पाण्यामागे कळपासोबत मुक्काम हलवतात, ते. मंगोलियातले मेंढपाळ, सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातले फुलानी आणि तुआरेग, पूर्व आफ्रिकेतले सोमाली, बोराना, तुर्काना, मसाई, अरबस्तानातले बेदुईन, इराणचे बख्तियारी आणि कश्काई, आपल्याकडचे राइका आणि रबारी. पृथ्वीवरच्या जमिनीचा सुमारे ४० टक्के भाग कोरड्या हवामानाचा आहे. त्यातल्या बऱ्याचशा भागात नांगर चालत नाही, पण गवत-झुडपं येतात, आणि त्यांचं दूध-मांस करायला जनावरच लागतं.

संख्येचं मात्र विचारू नका. कोणी २० कोटी म्हणतं, कोणी ५० कोटी. फरक व्याख्येचा आहे: फक्त सतत फिरणारे मोजायचे, की घर एका जागी आणि कळप वर्षातले काही महिने बाहेर असलेलेही धरायचे? शिवाय जनगणनेचा माणूस दार वाजवतो. ज्याच्या बिऱ्हाडाला दारच नाही आणि जे मोजणीच्या दिवशी कोणत्या जिल्ह्यात असेल ते पावसावर ठरतं, त्याची नोंद व्हायची कशी?

म्हणजे ते वाट फुटेल तिकडे फिरतात?

अजिबात नाही. कोरड्या मुलखात पाऊस कमी असतो, त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो सारखा पडत नाही. एका खोऱ्यात चार सरी कोसळतात, पलीकडचं खोरं कोरडंच राहतं, पुढच्या वर्षी उलट. अशा ठिकाणी एका जागी बसून राहणं हाच जुगार. कोणत्या उतारावर कोवळं गवत आधी फुटतं, कुठल्या डबक्यात किती दिवस पाणी टिकतं, कुठे खारट माती चाटायला मिळते, वाटेत कोणाची हद्द लागते आणि कोणाशी आधी बोलावं लागतं, हे सगळं ठरलेलं असतं. पुढे एक-दोन पोरं पाठवून चारा बघून येतात, मगच बिऱ्हाड उठतं. हल्ली हेच काम मोबाइलवरून होतं.

मग सोडून का जातात? दुष्काळामुळेच ना?

हे उत्तर सगळ्यांना सोयीचं आहे. सरकारला तर फारच, कारण दुष्काळाला जबाबदार कोणी नसतं. दुष्काळ निघायची तारीख ठरवतो हे खरं. पण निघायची वेळ येईल अशी परिस्थिती त्याच्या कितीतरी आधी तयार झालेली असते.

कोणत्याही पशुपालक मुलखात काही तुकडे बाकीच्यांपेक्षा मोलाचे असतात: नदीकाठची ओल, दलदलीचा भाग, डोंगरावरची थंड कुरणं. क्षेत्रफळाने ते नगण्य, पण उन्हाळ्याचे शेवटचे दोन महिने सगळा कळप तिथेच तगतो. नेमके हेच तुकडे बाहेरच्यांच्या डोळ्यांत भरतात, कारण तिथे पाणी असतं. इथिओपियातल्या अवाश नदीचं खोरं घ्या. १९६० आणि १९७० च्या दशकांत तिथे कापूस आणि उसाचे मोठे मळे उभे राहिले. अफार पशुपालकांची पूर आल्यावर हिरवी होणारी कुरणं त्यांत गेली. नकाशावर अफारांकडे अजूनही अफाट जमीन दिसत होती. पण ती पावसाळ्यात कामाची. उन्हाळ्याची जमीन गेलेली होती. पुढचा दुष्काळ आला तेव्हा लोक ‘दुष्काळामुळे’ देशोधडीला लागले.

केनियात काजियाडो भागात वेगळ्या वाटेने तेच झालं. १९६८ च्या कायद्याने मसाईंची सामाईक जमीन गटांच्या नावावर केली. पुढे १९८० च्या दशकापासून त्या गटजमिनींच्या वाटण्या होऊन ती माणसांच्या नावावर आली. कागद हातात आला, म्हणून लोक खूशही झाले. पण चाळीस एकरांचा तुकडा कोरड्या मुलखात कळपाला पुरत नाही, आणि शेजाऱ्याने तारेचं कुंपण घातलं की पलीकडे जाता येत नाही. वाईट वर्षी तुकडा विकला गेला. नैरोबी शहर त्या बाजूला पसरत होतंच, गिऱ्हाइकांना तोटा नव्हता.

याखेरीज आखलेल्या सीमा आहेत, अभयारण्यं आहेत (सेरेंगेटीतून मसाईंना १९५९ मध्ये बाहेर काढलं), यादवी आहे, बंदुकीच्या जोरावर जनावरं पळवणं आहे. पूर्व आफ्रिकेत आणि आपल्याकडेही माळरानं गिळणारी वेडी बाभूळ आहे. कुटुंबं वाढली, कळप त्या मानाने वाढले नाहीत, हेही आहेच. ते नाकारण्यात अर्थ नाही.

एका दुष्काळात कळप संपतो तो कसा? जनावरं वेळेवर विकून टाकता येत नाहीत का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बाजार माहीत असतो, पण तो चांगल्या वर्षातला.

पशुपालक नुसत्या दूध-मांसावर जगतो हा समज चुकीचा आहे. बहुतेक ठिकाणी तो धान्य विकत घेतो, आणि जनावर विकून घेतो. दुष्काळ पडला की धान्य महाग होतं. त्याच वेळी सगळेच जनावरं बाजारात आणतात आणि ती हाडांचे सापळे झालेली असतात, म्हणून जनावर स्वस्त होतं. एरवी एका बकऱ्यात जेवढं धान्य यायचं तेवढ्याच धान्याला आता तीन-चार बकरे मोजावे लागतात. म्हणजे उपासमारीने मरतात तितकीच, कधी त्याहून जास्त जनावरं या व्यवहारात जातात. आधी नर संपतात. मग गाभण राहू शकणाऱ्या माद्यांना हात घालावा लागतो. ती वेळ आली की घरातलं वडीलधारं माणूस दोन दिवस बोलत नाही, कारण मादी विकणं म्हणजे पुढची पाच वर्षं विकणं.

पाऊस परत आला तरी कळप लगेच परत येत नाही. शेळी-मेंढी पाच महिन्यांत विते, गाय नऊ महिन्यांनी, उंटीण तेरा महिन्यांनी, आणि उंटिणीच्या दोन वेतांत साधारण दोन वर्षं जातात. म्हणून शेळ्यांचा कळप काही वर्षांत उभा राहतो, गायींचा दहा-पंधरा वर्षं घेतो. पूर्वी दोन मोठ्या दुष्काळांत तेवढं अंतर मिळत असे. आफ्रिकेच्या शिंगात (सोमालिया, इथिओपियाच्या बाजूला) २०२० ते २०२२ या काळात लागोपाठ पाच पावसाळी हंगाम फसले.

दक्षिण इथिओपियात बोराना लोकांमध्ये झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली: कुटुंबाकडे दहा-पंधरा गायींहून जास्त उरल्या असतील तर कळप हळूहळू पुन्हा वाढतो, त्याखाली घसरला तर बहुधा घसरतच जातो. कारण सरळ आहे. चार गायींमागे बिऱ्हाड दूरच्या कुरणावर नेता येत नाही. दूध पुरत नाही, वाटेवर राखणीला माणसं पुरत नाहीत. मग गावाजवळ थांबावं लागतं, गावाजवळ चारा नसतो, आणि चार गायींच्या तीन होतात.

दुष्काळ पूर्वीही पडत. तेव्हा लोक काय करत?

एकमेकांना जनावरं देत. हे दान नव्हे, उसनवारीही नव्हे, दोहोंच्या मधलं काहीतरी. फुलानींमधल्या वोडाबे लोकांत ‘हब्बानाए’ नावाची रीत आहे. तुमच्याकडची एक कालवड मी नेतो. तिची दोन-तीन वासरं होईपर्यंत ती माझ्याकडे राहते. वासरं माझी, गाय तुम्हाला परत. तुम्ही हे माझ्यावर दया येऊन करत नाही. तुमची जनावरं एकाच रानात राहिली तर एका रोगात सगळी जातील, माझ्याकडे असली तर एक तरी वाचेल. आणि उद्या तुमच्यावर वेळ आली तर मी ‘नाही’ म्हणू शकत नाही. बोरानांमध्ये ‘बुसा गोनोफा’ आहे: कळप गेलेल्याला कुळातले लोक मिळून जनावरं काढून देतात.

पाण्याचंही असंच. बोरानांच्या खोल ‘तुला’ विहिरींत माणसं एकावर एक टप्प्यांवर उभी राहतात आणि बादली हातोहात वर येते. पूर्वी कातड्याच्या, आता बहुतेक प्लास्टिकच्या. लय चुकू नये म्हणून गातात, म्हणून बाहेरचे लोक त्यांना गाणाऱ्या विहिरी म्हणतात. वर जनावरं कुळाने ठरवलेल्या क्रमाने पाणी पितात. एकटा माणूस तिथून पाणी काढूच शकत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे: जो विहिरीत उतरायला माणूस देत नाही त्याच्या जनावरांना पाणी नाही.

सगळ्यांचेच कळप एकाच वेळी संपले की देणारा उरत नाही. तरुण मजुरीला गेले की विहिरीत उतरणारा उरत नाही. जुनी विमाव्यवस्था मोडते ती अशी, कोणी रद्द न करता.

बोअरवेल खणल्या की प्रश्न सुटेल ना?

साहेलमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत खणल्या होत्या. तिथे बारमाही पाणी आलं, कळप तिथेच राहू लागले, आजूबाजूचं गवत संपलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात त्या विहिरींभोवती जनावरं मेली ती तहानेने नाही, भुकेने.

झुद म्हणजे काय? मंगोलियाचं नाव इतकं का येतं?

झुद म्हणजे हिवाळ्यात जनावरांना चरता येऊ नये अशी अवस्था. मंगोलियन भाषेत तिचे प्रकार आहेत. पांढरा झुद: बर्फ इतकं खोल की गवत गाडलं गेलं. काळा झुद: बर्फच नाही, म्हणून चाटून तहान भागवायलाही काही नाही. लोखंडी झुद: बर्फ वितळून पुन्हा गोठतं आणि गवतावर काचेसारखं कवच तयार होतं. घोडा खुराने बर्फ उकरू शकतो, पण लोखंडी झुदात त्याचेही पाय सोलून निघतात. आधीचा उन्हाळा कोरडा गेला असेल तर जनावर अंगावर चरबी न चढवताच हिवाळ्यात शिरतं, आणि मग वसंताच्या तोंडावर कोसळतं.

१९९९ ते २००२ या लागोपाठच्या तीन हिवाळ्यांत मंगोलियात एक कोटीहून जास्त जनावरं गेली, २००९-१० मध्ये ८० लाखांहून जास्त, २०२३-२४ मध्ये ७० लाखांहून जास्त. दर खेपेनंतर राजधानी उलानबातरच्या डोंगरउतारांवर नवे तंबू दिसतात. देशाची लोकसंख्या जेमतेम ३५ लाख, आणि त्यातली जवळजवळ निम्मी या एका शहरात.

तिथे पोचलेला मेंढपाळ पहिलं काम काय करतो? लाकडी फळ्यांचं कुंपण घालतो. राजधानीत नागरिकाला ०.०७ हेक्टरपर्यंत, म्हणजे ७०० चौरस मीटर जागा मिळू शकते, आणि ती आपली आहे हे कुंपणच सांगतं. मधोमध तंबू तोच, आतली चूलही तीच. फक्त माळावर ती शेणाच्या गोवऱ्यांवर पेटायची, इथे कोळशावर. नळ नाही, सांडपाण्याची वाट नाही. पाणी गाडा ओढत आणायचं. हजारो चुली एकाच दरीत धुमसतात आणि धूर थंड हवेत खालीच बसून राहतो. शहराने २०१७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांची नोंदणीच थांबवली. ती बंदी २०२० पर्यंत चालली. लोक यायचे थांबले नाहीत, फक्त नोंदवले गेले नाहीत. २०१९ मध्ये कच्चा कोळसा जाळायला बंदी आली आणि त्या जागी विटा करून विकलेला कोळसा आला.

सगळ्यात आधी कोण बाहेर पडतं?

सगळ्यात गरीब. आणि सगळ्यात श्रीमंत. मधले टिकून राहतात.

गरीब का, ते वर आलंच. श्रीमंत जातो तो कळप ठेवून. तो बाजाराच्या गावी घर बांधतो, मुलं शाळेत घालतो, ट्रक घेतो, जनावरांचा व्यापार करतो आणि कळपामागे पगारी गुराखी ठेवतो. तो गुराखी पुष्कळदा काल कळप गमावलेलाच असतो. त्यामुळे एखाद्या भागातून माणसं गेली म्हणून जनावरं कमी झाली असं समजू नये. आकडा तोच राहतो किंवा वाढतोही, मालक मात्र कमी होतात. हा मुद्दा अहवालांत सापडतो, भाषणांत सापडत नाही.

शहरात काय काम मिळतं?

पुरुषांना रात्रीची राखण. नैरोबीत आणि दारेसलाममध्ये मसाई पहारेकरी इतके दिसतात की लोकांना तो त्यांचा पिढीजात धंदाच वाटतो. त्यामागचा तर्कही मजेशीर: सिंहाला न घाबरणारा चोराला काय घाबरणार! मग बांधकामावर मजुरी, खाणीत दगड फोडणं, मोटारसायकलवर सवारी नेणं, कोळसा पाडून विकणं. कोळशासाठी तुटतात ती मागे राहिलेल्यांच्या शेळ्या ज्यावर जगतात तीच झाडं. सोमालियातून आणि सुदानमधून आखाती देशांत जाणारे पुष्कळ, आणि गंमत म्हणजे तिथेही अनेकांच्या वाट्याला दुसऱ्याचे उंट-मेंढ्या राखणंच येतं.

मंगोलियात झुदात कळप गमावलेले हजारो लोक सोन्याच्या मागे लागले. खाणकंपन्यांनी टाकून दिलेली माती उपसून, धुवून सोन्याचे कण काढायचे. पाठीवर हिरव्या प्लास्टिकच्या घमेल्या बांधून चालताना ते कार्टूनमधल्या निंजा कासवांसारखे दिसत, म्हणून त्यांचं नावच ‘निंजा’ पडलं. नाव गमतीचं आहे. काम दरडीखाली गाडलं जाण्याचं आणि पाऱ्याच्या वाफा श्वासात घेण्याचं आहे.

सरकारने त्यांना नीट एका जागी वसवलं तर?

हा प्रयोग शंभर वर्षं चाललाय. निकाल फारसे वेगळे नाहीत.

इराणमध्ये रझा शाहने १९३० च्या दशकात टोळ्यांची वाट लष्कर लावून अडवली. थंड डोंगर आणि उबदार सखल भाग यांच्यामध्ये ये-जा करणारे कळप एकाच ठिकाणी कोंडले गेले आणि मोठ्या प्रमाणावर मेले. १९४१ मध्ये शाह पायउतार झाला, तसे पुष्कळ लोक पुन्हा वाटेला लागले. कझाखस्तानात सोव्हिएत राजवटीने १९३० ते १९३३ दरम्यान सामुदायिकीकरण आणि सक्तीची वस्ती एकदमच लादली. सुमारे १५ लाख माणसं भुकेने आणि रोगाने मेली, त्यांत बहुसंख्य कझाख. लाखो लोक सीमेपलीकडे पळाले. याला धोरणातली चूक म्हणणं फार सौम्य होईल.

सोमालियातला प्रकार हेतूने बरा होता. १९७४-७५ च्या दुष्काळानंतर सरकारने सोव्हिएत विमानांतून आणि ट्रकांतून एक लाखाच्या आसपास भटक्यांना दक्षिणेत नेलं. काहींना शेती दिली, काहींना समुद्रकाठी मासेमारी. पाऊस सुधारल्यावर पुष्कळसे पुरुष कळप उभा करायला परत गेले किंवा आखातात कामाला गेले. वसाहतींत मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं उरली.

केनियात तुर्काना सरोवराकाठी दुष्काळग्रस्तांना मच्छीमार करायचं ठरलं. नॉर्वेच्या मदतीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मासे गोठवायचा कारखाना उभा राहिला. एवढ्या उष्ण वाळवंटात मासा गोठवायचा तर वीज आणि गोडं पाणी लागतं, आणि दोन्ही नव्हतं. कारखाना जेमतेम सुरू होऊन बंद पडला. मग सरोवराचा ज्या आखातातून पुष्कळसा मासा यायचा ते आखातच आटलं. ज्यांनी मिळालेल्या पैशातून चार जनावरं घेऊन ठेवली होती, ते त्यातल्या त्यात बरे राहिले.

चीनमध्ये २००३ पासून चराई बंद करून गवत वाचवायची योजना आहे आणि ‘पर्यावरणीय स्थलांतर’ या नावाने अंतर्गत मंगोलिया आणि छिंगहाईतल्या पशुपालकांना गावांत हलवलं गेलंय. घरं पक्की, अनुदान ठरलेलं. अडचण अनुदान संपल्यावर सुरू होते.

एका जागी राहिल्याने मुलांची तब्येत तरी सुधारत असेल?

लस मिळते, दवाखाना जवळ येतो, बाळंतपणात अडलं तर गाडी मिळते. हे मोठे फायदे आहेत. पण उत्तर केनियातल्या मार्साबितमध्ये रेंडिले आणि आरियाल या पशुपालक जमातींच्या मुलांची तुलना झाली तेव्हा कळपासोबत फिरणारी मुलं वस्तीतल्या मुलांपेक्षा सुमारे तिप्पट दूध पीत होती आणि उंची-वजनात सरस होती. वस्तीतल्या ताटात मका आणि साखरेचा चहा आला होता. पोट भरतं, अंग भरत नाही.

आणि बायकांचं?

याचं एकच उत्तर नाही. माळावर तंबू बाईचा असतो: ती तो उभारते, मोडते, लादते. दूध तिच्या ताब्यात असतं आणि कोणाला किती द्यायचं हे ती ठरवते. गावात घर पुरुषाच्या नावावर होतं आणि दुधाऐवजी पगार येतो, तोही पुरुषाच्या खिशात. ही एक बाजू. दुसरी अशी की पाण्यासाठी दिवसभराची पायपीट संपते, मुलगी शाळेत जाते, आणि बाईला स्वतःचा धंदा करता येतो. केनियात इसिओलोहून नैरोबीच्या ईस्टली भागात रोज उंटिणीचं दूध जातं तो जवळजवळ सगळा व्यापार सोमाली बायकांच्या हातात आहे. माळावरची एक बाई पहाटे दूध काढून पिवळ्या कॅनमध्ये भरते, कॅनवर आपल्या खुणेची चिंधी बांधते. मधली बाई ते गोळा करून थंड करते, आणि शहरातली तिसरी रिकामा कॅन त्याच खुणेवरून परत पाठवते. पैसे मोबाइलवर. या साखळीतल्या काही बायकांचे कळप गेलेले आहेत, पण पशुपालनातून त्या बाहेर पडल्यात असं म्हणवत नाही.

शाळेसाठी किती लोक सोडतात?

बरेच, आणि हे कारण लोक स्वतःहून सांगतात. मंगोलियात शाळाप्रवेशाचं वय ६ वर आणल्यावर कुटुंबंच दुभंगली: इतक्या लहान पोराला वसतिगृहात ठेवायला आईचा जीव होत नाही, म्हणून ती मुलांसोबत तालुक्याच्या गावी, आणि बाप एकटा कळपामागे. एकट्या माणसाला फार दूर जाता येत नाही. कळप वस्तीच्या आसपास घुटमळतो आणि चारा संपतो. उपाय ठाऊक नाहीत असं नाही: फिरत्या शाळा आहेत, रेडिओवरचे वर्ग आहेत. नायजेरियाने भटक्यांच्या शिक्षणासाठी १९८९ मध्ये राष्ट्रीय आयोगच नेमला. पण बहुतेक ठिकाणी शाळा आपल्या वेळापत्रकातून हलत नाही आणि हलण्याची अपेक्षा कळपाकडून होते.

गेलेले कधी परत येतात का?

येतात. १९९० नंतर मंगोलियात सामूहिक पशुपालन संस्था मोडल्या, कारखाने बंद पडले आणि शहरातले बेकार झालेले ड्रायव्हर, कारकून, मेकॅनिक वाट्याला आलेली जनावरं घेऊन माळावर गेले. दहा वर्षांत मेंढपाळांची संख्या दुपटीहून जास्त झाली. १९९९ च्या झुदात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो या नवख्यांनीच. त्यांच्याकडे जनावरं होती, हिवाळ्याचं ठाणं नव्हतं आणि शिकवायला कोणी जाणतं नव्हतं.

यातून परतीच्या अटी कळतात. चारा काढायला हक्काची जागा हवी, सुरुवातीची जनावरं हवीत, आणि कळप ओळखणारा माणूस हवा. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात आधी जाते. शहरात वाढलेल्या मुलाला शंभर मेंढ्यांतून आज कोणती चरली नाही हे संध्याकाळी नुसतं बघून सांगता येत नाही. त्यामुळे वीस वर्षं शहरात काढलेलं कुटुंब पैसे जमवून जनावरं घेतंही, पण ती चारायला दुसऱ्या कोणाला तरी ठेवावं लागतं.

माणसं-जनावरं निघून गेली की जमीन सावरते का?

कुठे सावरते, कुठे बिघडते. न चरलेलं गवत वाळून उभं राहतं, नवे कोंब दबतात, झुडपं माजतात, आणि एक दिवस सगळंच पेटतं. खरं नुकसान बहुतेकदा माळावर नसतं, ते वस्तीभोवतीच्या गोलात असतं, जिथे हलता न येणारे कळप बारा महिने तेच तेच कुरतडतात.

जनावरांचा विमा असतो म्हणे?

असतो, आणि कल्पना हुशारीची आहे. मेलेली शेळी मोजायला कोण जाणार? म्हणून केनियातल्या मार्साबितमध्ये २०१० पासून उपग्रहावरून दिसणाऱ्या हिरवाईवर भरपाई ठरते. हिरवाई ठरावीक पातळीखाली गेली की पैसे. आधी ते जनावरं मेल्यावर मिळत. पुढे लवकर देण्याची पद्धत आली, म्हणजे त्यातून चारा घेऊन जनावर वाचवता येईल. मंगोलियात तालुक्यातल्या मृत्यूदरावर विमा चालतो: ६ टक्क्यांहून जास्त जनावरं मेली की भरपाई. उणीव अशी की आकडा तालुक्याचा असतो आणि नुकसान घराचं. तालुका वाचला आणि माझ्याच दरीत लोखंडी झुद आला, तर हप्ताही गेला आणि कळपही. शिवाय ज्याच्याकडे चारच शेळ्या उरल्यात तो हप्ता कुठून भरणार?

आपल्याकडचं काय?

राजस्थान-गुजरातचं एक उदाहरण पुरे. पशुगणनेत २०१२ मध्ये देशात ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. घसरण जुनीच होती: ट्रॅक्टर आणि जीप आल्या, चराईच्या जमिनी गेल्या. ती थांबवण्यासाठी राजस्थानने २०१५ मध्ये कायदा करून उंटाची कत्तल आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणं बंद केलं. जत्रेत नर उंटाला गिऱ्हाईकच उरेना. ज्याचा नर विकला जात नाही तो राइका माद्या कशाच्या जिवावर पाळणार? उंट वाचवायचा कायदा उंट पाळणाऱ्याच्याच मुळावर आला. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, पण तो मागायचा तर ग्रामसभेपुढे जावं लागतं, आणि वर्षातून दोन महिने एका गावात, दोन महिने दुसऱ्यात असणाऱ्याची ग्रामसभा कोणती?

काही देशांनी बरे कायदे केलेत का?

मॉरिटानियाने २००० मध्ये, नायजरने २०१० मध्ये पशुपालनाची संहिता केली. त्यांत कळप हलण्याचा हक्क मान्य आहे. पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने १९९८ मध्ये सीमा ओलांडून जाणाऱ्या कळपांसाठी दाखला ठरवला. केनियाने २०१६ मध्ये सामुदायिक जमिनीचा कायदा केला. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, प्रस्ताव मंगोलियाचा. कागदावर दिवस वाईट नाहीत. जमिनीवर मात्र दाखला खिशात असूनही वाटेवर शेतं उभी राहिलेली असतात. मग पिकात गाय शिरण्यावरून जे भांडण होतं, त्याला बातम्यांत वांशिक संघर्ष म्हणतात.

नुआकशोत शहराचं नाव या विषयात का घेतात?

मॉरिटानियाची ही राजधानी १९५० च्या दशकाच्या अखेरीस वाळूत आखली गेली ती १५,००० लोकांसाठी. तेव्हा देशातले बहुसंख्य लोक तंबूत राहत होते. मग साहेलचे दुष्काळ आले आणि उंट, शेळ्या मेलेले लोक शहराच्या कडेला तंबू ठोकून पाऊस यायची वाट बघत बसले. पाऊस आला, पण घ्यायला कळप नव्हता. तंबूभोवती आधी पत्रे आले, मग विटा. आज तिथे दहा लाखांहून जास्त लोक राहतात, आणि पावसाळ्यात ज्यांना जमतं ते काही दिवस शहराबाहेर जाऊन तंबू टाकतात, ताजं दूध पितात आणि परत येतात.